माझ्या नावावरचा रक्तदाब

विट्याच्या स्टँडवर मिरजेची एसटी लागली, तेव्हा वडिलांनी माझी ट्रंक टपावर चढवली आणि खाली उतरून एवढंच म्हणाले, "काट्याकडं बघत जा, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं न्हाई." मी कोइमतूरला चुलत्यांच्या दुकानात सोनं गाळायला निघालो होतो. त्याला एकतीस वर्षं झाली. वडील गेले, चुलते गेले, दुकान माझ्याकडे आलं. भट्टीचा धूर आणि तेजाबाची वाफ यांत मी पन्नाशीला आलो. माझ्या मुली आता तमिळमध्ये भांडतात आणि मराठीत रडतात.

हे मी गावात राहिलेल्यांसाठी लिहितो आहे आणि बाहेर पडलेल्यांसाठीही, कारण चूक दोघांची आहे.

गेल्या चैत्रात यात्रेला गावी गेलो होतो. पेटीत सातबारा शोधताना एक पिवळं कार्ड हाताला लागलं. गावात दरवर्षी होणाऱ्या हृदयविकाराच्या पाहणीचं. वर माझं नाव, खाली सहा वर्षांचे सहा रक्तदाब. त्या सहा वर्षांत मी पाहणीवाल्यांपुढे एकदाही दंड धरलेला नाही. शेवटची नोंद आधीच्या डिसेंबरची होती : एकशे अठरा, शहात्तर. नॉर्मल. त्या डिसेंबरात मी कोइमतूरला आयसीयूत पडलो होतो. दोन स्टेंट बसले.

धाकट्या भावाला, संपतला, कार्ड दाखवलं तर तो हसला. "दादा, तुज्या नावानं मीच बसलो की! आदी माज्या नावानं, मग शर्ट बदलून तुज्या. एकाच रक्ताचं न्हवं का आपन?"

पाहणीचं काम जिल्ह्याच्या गावी, विश्रामबागेत असलेल्या एका संस्थेचं. तिथून येणाऱ्या ताईंनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, की बाहेर राहणाऱ्यांची नावं कमी होतील. रेशनकार्डावरून माझं नाव आधीच गेलं होतं, मतदारयादीतूनही. या तिसऱ्या कागदावरून आईने ते जाऊ दिलं नाही, माझ्या जागी संपतला बसवलं. मी आळीत घरोघर विचारत फिरलो. गलाईला, म्हणजे सोनं गाळायच्या धंद्याला, माणूस गेलेली घरं अकरा, त्यांतल्या नऊ घरांत, आमच्यासकट, दुसरंच कोणीतरी बसलं होतं. एके ठिकाणी नवऱ्याच्या जागी मेव्हणा. सगळे हसत हसत सांगत होते.

मला हसू आलं नाही. कोणाचं हृदय कशाने बिघडतं ते कळावं म्हणून ही सगळी मोजदाद. आम्ही बारा बारा तास धुरात, आणि आमच्या नावापुढे आकडे रानात राबणाऱ्यांचे. भट्टीवाल्याची छाती ठणठणीत, असंच तो कागद सांगणार. मग आमच्या दुखण्याचं कारण कोण कशाला शोधेल? संपतचा राग आला. त्याहून जास्त कार्डामागे छापलेल्या फॉर्मचा आला. त्यात दोनच चौकटी : 'हजर' आणि 'कायमचे बाहेर'. आणि शिकलीसवरलेली माणसं सहा वर्षं येत राहिली, पण मोजलेला माणूस यात्रेशिवाय गावात दिसत का नाही, हे एकाने विचारलं नाही.

कार्डावरच्या नंबराला फोन केला. दुसऱ्या दिवशी ताई आणि त्यांचे डॉक्टर आमच्या ओट्यावर येऊन बसले. मी सगळं सांगितलं.

"दादा, सोड की," संपत म्हणाला. "कुनाचं काय वाकडं झालं?"

"माजं झालं!" मी ओरडलो. "हा आकडा लिवला तवा मी आयसीयूत व्हतो. छातीत दोन स्टेंट हायत माज्या."

आई दारात उभी होती. तिला किंवा संपतला माझ्या दुखण्याचं काहीच माहीत नव्हतं. पित्त झालंय, असं मी फोनवर सांगितलं होतं. ती उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, "त्यानं तुज्या नावानं हात दिला, ते खोटं. आन दर आयतवारी फोनवर 'बरा हाय, बरा हाय' म्हनत व्हतास, ते तुज्या नावानं कोन बोलत व्हतं रं?"

मी कार्ड डॉक्टरांच्या हातात दिलं.

डॉक्टरांनी माझी सहा वर्षं आडव्या रेघेने खोडली. इतर आठ घरांचीही मी खोडायला लावली. त्या घरांत आता मला कोणी चहा विचारत नाही. कोइमतूरला येऊन आम्हाला मोजाल का, असं विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, ते आमच्या क्षेत्राबाहेर येतं. मी त्यांना दर महिन्याला पत्र लिहितो, आमच्या बाजारातल्या गलाईवाल्यांचे आकडे जोडून. पोच येते. माणूस येत नाही.

राग तसाच आहे. गावच्या एकाही यादीत मी आता नाही. पण रविवारी आईचा फोन येतो. ती जेवलास का विचारत नाही, बरा आहेस का विचारत नाही. बीपीचं मशीन लावलंस का, हेच पहिलं. मी आकडा सांगतो, जो असेल तो. तिच्यापुढे खोटं सांगायची सोय उरलेली नाही, आणि घर म्हणायला मला आता तेवढंच पुरतं.

"एकशे बेचाळीस, नव्वद," परवा मी म्हणालो.

"मागल्या आयतवारी एकशे अडतीस व्हता," आई म्हणाली. "काय खाल्लंस?"