घाटात बायका उतरायच्या

बोरघाटात शिंगरोबाचं देऊळ मागे पडलं की पुढच्या वळणावर मोठा काका जीप थांबवायचा आणि मागे वळूनसुद्धा न बघता म्हणायचा, "चला, बायका उतरा."

दर चैत्रात आमचं दिवाळे गावातलं कोळ्याचं घर कार्ल्याला एकवीरेच्या जत्रेला जायचं. एरवी वाशीच्या बाजारात मासळी पोचवणारी आमची जुनी पेट्रोल जीप त्या दिवशी साबणानं धुतली जायची, तिला हार घातला जायचा, तरी कोलंबीचा वास काही तिला सोडायचा नाही. आत घरचे पुरुष, घरच्या बायका, ढोल आणि देवीचा बोकड. चढावर इंजिनाचा दम संपायचा, पाणी उकळायचं, आणि गाडी हलकी करायची म्हणून बायका उतरायच्या. बोकड देवीचा, त्याला चालवायचं नाही. ढोलाला पाय नाहीत. पुरुष का बसून राहायचे हे मात्र मला आजवर कोणी समजावून सांगितलेलं नाही. आम्ही कंटेनरच्या धुरात पदर नाकाला लावून घाट चढायचो. तोवर ही मंडळी वर खंडाळ्याला पोचून चहा प्यायची, आणि आम्ही खालच्या वळणावर दिसलो की हॉर्न वाजवायची. लवकर या म्हणून. त्या हॉर्नचा मला असा संताप यायचा की चहा मिळाला तरी घशाखाली उतरायचा नाही.

नव्वदच्या दशकातलं ते एक वर्ष. माझी आय बोंबील निवडता निवडता सहज म्हणाली, "मी नाय येत औंदा."

आयचा जन्म डोक्यावर मासळीची पाटी घेऊन दारोदार फिरण्यात गेला होता. गुडघे कामातून गेले होते. मी म्हटलं, कार्ल्याच्या पायऱ्यांची भीती वाटते का? तर ती माझ्यावरच उखडली. "पायऱ्या चरन मी. बसत बसत चरन. घाट नाय जमत."

म्हणजे देवीच्या पायऱ्या चढायला ती तयार होती, आणि त्या वळणापायी आयची जत्रा बुडणार होती. मी तिला म्हटलं, तू येणार आणि घाटात उतरणार नाहीस. ती म्हणाली, "ते मला नको, तुज्या इंजनाला सांग."

मी तेव्हा आयटीआयला फिटरचं शिकत होते. वर्गात मुली नावालाच. फिटरला सुरुवातीचे महिने दुसरं काही देत नाहीत, एक कानस देतात आणि लोखंड घासायला लावतात. माझी बोटं घासून घासून बधिर झाली होती, पण लोखंड कुठे किती खायचं ते हाताला कळायला लागलं होतं. आणि जीपचं दुखणं मला ऐकू येत होतं. रिकामी असली की ती छान चालायची, ओझं पडलं की घुसमटायची. पेट्रोल आत जात होतं, पण जळलेला धूर बाहेर पडायला वाट नव्हती.

इंजिनाच्या बाजूला बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक जाड नळ असतो. चारही सिलेंडरचा धूर गोळा करून तो खाली सायलेन्सरला देतो. त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. तो सोडवायचा, म्हणजे मोठ्या काकाची परवानगी हवी. जीप माझ्या बापानं आणि काकानं मिळून घेतली होती. बाप गेल्यावर चावी काकाच्या करदोट्याला गेली, ती तिथेच राहिली. काका म्हणाला, "कंपनीवाले काय येडे हायेत? त्यांच्यापेक्षा तू शानी?"

"गाडी अर्धी माझ्या बापाची आहे," मी म्हटलं. "मी माझा अर्धा भाग खोलते. तुझा राहू दे तसाच."

काका हसला. त्याला वाटलं पोरगी दमेल. मी दमले नाही. गंजलेल्या नटांवर रॉकेल टाकून ठेवलं, दुसऱ्या दिवशी पान्यावर सगळा भार टाकला. नट ज्यावर बसतो तो एक स्टड कटकन तुटला आणि तुकडा इंजिनात राहिला. काका लगेच अख्ख्या गल्लीला सांगून आला, संपली गाडी. मी आयटीआयच्या सरांकडून ड्रिल मशीन मागून आणलं आणि तो तुकडा भोक पाडून काढला. हे सांगायला मात्र काका गल्लीत गेला नाही, मीच गेले.

मॅनिफोल्ड ओट्यावर घेऊन बसले. डोक्यावर दोरीला बोंबील वाळत होते. कानस चालवायची कुठे, हे ठरवायचं होतं. त्यासाठी वर्कशॉपमध्ये रंग असतो, आमच्याकडे आयची कुंकवाची डबी होती. बाप गेल्यापासून ती फळीवर तशीच पडून होती. मी मागितली. आयनं ती फळीवरून काढून दिली. म्हणाली, "घे. कामाला तरी येईल."

खोबरेल तेलात कुंकू कालवलं. इंजिन आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये सांधा बंद करणारं पातळ गॅस्केट बसतं, त्याची भोकं इंजिनाच्या भोकांशी बरोब्बर जुळतात. त्याला हे लाल लावून मॅनिफोल्डच्या तोंडावर दाबलं. ठसा उठला आणि मला हसूच आलं. चारांपैकी एकही भोक सरळ समोर नव्हतं. लाल रेषेच्या आत बिडाचा ओठ पुढे आलेला, कुठे वरून, कुठे बाजूनं. धूर बाहेर येत होता तो थेट भिंतीवर आपटत होता. आत ओतकामाचे खडेही तसेच राहिलेले. कंपनीवाले येडे नव्हते, घाईत होते.

मी गोल कानस घेतली. रेषेपर्यंत घासायचं, रेषेच्या पुढे नाही. भोक उगीच मोठं केलं की धुराचा जोर जातो आणि गाडी चढावर उलट मार खाते, एवढं मला शिकवलेलं होतं. बाजूला सुकटीचं बघायला येणाऱ्या बायका थट्टा करायच्या, "भांडी घास ग पोरी, नवऱ्याच्या घरी लोखंड कोन घासायला देनार?" मी म्हणायचे, मी लोखंडवालाच नवरा बघते. खालच्या पाइपात जिथे जोड होता तिथे वेल्डिंगचे गोळे आत लोंबत होते, तेही काढले. तोंड काचेवर पॉलिश पेपर पसरून सपाट केलं, कीस धुऊन काढला, नवीन गॅस्केट घालून सगळं आवळलं. सुरू केल्यावर जीपचा आवाज जाड झाला होता, मोकळ्या गळ्याचा. काका म्हणाला, "नुसता आवाज वाढलाय."

जत्रेच्या दिवशी आय गाडीत बसली. मी सांगितलं म्हणून बसली, इंजिनावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. काका चालवत होता, मी त्याच्या शेजारी. खोपोली गेली, चढ लागला. दरवर्षी इथे पहिला गिअर पडायचा. यंदा जीप दुसऱ्यात ओढत होती, आणि पाण्याच्या उष्णतेचा काटा लाल खुणेपर्यंत गेलेला नव्हता. मी काकाकडे बघत होते, काका रस्त्याकडे. शिंगरोबाला हात जोडले. पुढचं वळण आलं.

काकानं ब्रेक दाबला. "चला, बायका उतरा."

मला खरंच वाटलं की माझ्या कानांना काही झालंय. "काका, गाडी ओढतेय!"

"हितं उतरतात," काका म्हणाला.

मी इतके दिवस बीड घासत होते आणि अडलेलं होतं ते भलतीकडेच. मागे बायकांनी सवयीनं पदर खोचले, एकीनं पाय खालीसुद्धा टाकला. आणि मग आय बोलली. आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोनं मोठ्या दिराशी समोरासमोर बोलायचं नसतं. काही सांगायचं झालं तर आय मला सांगायची, मी काकाला. त्या दिवशी ती थेट त्याला म्हणाली.

"पायऱ्या आयमाउलीच्या हायेत, त्या मी चरन. ह्यो घाट कोनाचा हाय? कोनासाठी चालू मी? गारी हलकी करायचीय ना, तुमी उतरा."

काका लालबुंद होऊन उतरला. "मंग चालव तूच," असं मला म्हणाला, म्हणजे जमणार नाही असं म्हणाला. त्याच्यामागून बाकीचे पुरुषही उतरले, कारण तो उतरला होता.

लायसन्स माझ्याकडे होतं, चावी पहिल्यांदाच मिळत होती. आणि चढावर थांबलेली गाडी हलवणं हेच सगळ्यात अवघड. हँडब्रेक नावापुरता. मागे कंटेनर हॉर्न मारत होता. गाडी बंद पडली तर आयला उतरावं लागणार होतं, आणि मग ती पुढे कधीच बसली नसती. क्लच अर्ध्यावर आणला, ॲक्सिलरेटर दाबला. जीप मागे सरकली, हातभर. मग एकदा खोकली, आणि तिनं ओढलं. मोकळ्या गळ्यानं ओरडत ओढलं. मागे बायकांनी देवीच्या नावानं अशी आरोळी ठोकली की कंटेनरवाला दचकला असेल.

काका आजही म्हणतो, माणसं उतरली म्हणून चढली. असेल. मग इतकी वर्षं आमच्या उतरण्यानंच चढत होती, हेही त्यानं एकदा म्हणावं.

खंडाळ्यात मी जीप लावली. आयनं सगळ्यांना चहा सांगितला, बोकडाला पाला घातला आणि पुढे माझ्या शेजारी येऊन बसली. आज चहा घशाखाली उतरत होता. बऱ्याच वेळानं खालच्या वळणावर घामाघूम पुरुष दिसले, सगळ्यात पुढे मोठा काका.

आयनं कप खाली ठेवला, माझ्या अंगावरून हात लांब केला आणि हॉर्न दाबून धरला.