खंडेनवमीचं घड्याळ

आई गेल्यावर बाबांनी कुडपण गाव सोडून माझ्याकडे महाडला यावं म्हणून मी दोन वर्षं घसा कोरडा केला. बाबा ढिम्म हलले नाहीत. शेवटी मुंबईच्या दादाने तोडगा काढला. नाडी मोजणारं, माणूस पडला तर आम्हाला कळवणारं मनगटी घड्याळ. मी अट घातली, "हे हातातून एकदा जरी उतरलं, तर बोचकं बांधून महाड." बाबांनी मान डोलावली. त्यांना हातात बेडी चालत होती, घर सोडणं नाही.

दादाला मात्र घड्याळही जुनाट वाटायचं. "दोन-चार वर्षांत हे सगळं कातडीखाली बसेल, काढायची भानगडच नाही," असं तो सांगायचा. दादाचं सगळं दोन-चार वर्षांनीच सुरू होतं.

घड्याळ हुशार होतं, पण त्याला खेड्यातलं काही ठाऊक नव्हतं. बाबा लाकडं फोडायला लागले की ते मला 'पडले' म्हणून कळवायचं. तिसऱ्या वेळेनंतर मी वर्गात शिकवताना घाबरणं सोडून दिलं.

मग खंडेनवमी आली. शाळेत मधल्या सुट्टीत फोनवर अक्षरं उमटली, 'नाडी मिळत नाही.' बाबांना फोन लावला, तर बंद. दादाला कसंबसं कळवलं आणि मिळेल ती रिक्षा पकडली. पोलादपूर सोडल्यावर चढणीला मी त्या रिक्षावाल्याला इतकी घाई केली की तो म्हणाला, "ताई, मग तुम्हीच चालवा." पुढे रेंज गेली. माझं रडणं मात्र चालूच होतं.

घरी पडवीत पाट मांडलेला. पाटावर कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ आणि मधोमध घड्याळ, हळदकुंकू लावून, वर झेंडूचं फूल. शेजारी बंद केलेला फोन, तोही हळदीने पिवळा. परसातून बाबा काकड्या घेऊन आले, अगदी ठणठणीत.

"बाबा, हे का उतरवलंत?"

"आज खंडेनवमी नाय का, गो? आज हत्यारांना हात लावत नाय. हे तर रातंदिस राबतंय. त्याला एक दिस इसावा नको?"

माझ्या तोंडात शिव्या आणि डोळ्यांत पाणी, दोन्ही एकदम आलं. "बोचकं बांधा!" मी ओरडले.

"बांधतो. पन उद्या दसरा हाय, सोनं वाटून जाऊ," असं म्हणत त्यांनी माझाही फोन मागून घेतला आणि पाटावर ठेवला.

माझा फोन पाटावर, दादाला कळवायचं राहूनच गेलं. संध्याकाळी तो पोहोचला. पायात घरातली स्लीपर, चेहरा पांढराफटक. पाट पाहून तो मटकन खाली बसला. बाबांनी त्याच्या पुढ्यात काकडी ठेवली. "कातडीखाली बसवलंस, तर पुजू कसं, रे?"

रात्री तिघं एका पंगतीला जेवलो. आई गेल्यापासून पहिल्यांदा. मला स्वतःची लाज वाटली. बोचक्याचा विषय मी काढला नाही.

दसऱ्याला आपट्याची पानं हातात देऊन झाल्यावर बाबांनी घड्याळ पुसून मनगटावर चढवलं. पट्टा लावता लावता म्हणाले, "दिवाळीला लक्ष्मीपूजन हाय. तवाबी ह्याला काढून पुजावं म्हणतो."

"नको बाबा, हातातच असू द्या," दादा म्हणाला. "आम्ही येतो."