झाडं मोजणाऱ्या साहेबांचं मानपत्र

ऐंशीच्या दशकात एटापल्ली तालुक्यातल्या एका जंगलगावी मी शिक्षिका म्हणून रुजू झाले. मी चंद्रपूर शहरातली. साग सोडला तर एक झाड ओळखता येत नव्हतं. त्या पहिल्याच हिवाळ्यात हेडमास्तर म्हणाले, "बाई, तुमचं अक्षर चांगलं हाये. झाडंवाल्या साहेबाचं मानपत्र तुम्हीच लिवा."

हे साहेब शास्त्रज्ञ होते. गावामागचा जंगलाचा एक तुकडा आखून, दरवर्षी येऊन ते तीच ती झाडं मोजत. बाहेर कुठेतरी त्यांचा मोठा सन्मान झाल्याचं पेपरात आलं, म्हणून गावानंही सत्कार ठरवला.

'आपण' एवढं लिहून मी अडले. यांनी नेमकं केलं काय? झाडं लावली नाहीत, तोड थांबवली नाही. शाळेशेजारी एक माडिया आदिवासी आजी राहायची, हिरडा-बेहडा गोळा करणारी. तिला विचारलं.

"येते, झाडाले टेप गुंडाळते, लिवते, जाते," ती म्हणाली.

सत्काराच्या सकाळी साहेब आले तेव्हा त्यांनाच विचारलं. त्यांनी वही उघडून दाखवली. एका ऐनाच्या झाडाचा घेर एका साली आधीपेक्षा कमी भरला होता.

"मोजताना चुकलं का?"

"मलाही तसंच वाटलं. तीनदा मोजलं. कोरड्या साली झाड थोडं आकसतं."

"मग यातून काय ठरलं?"

"अजून वीस वर्षं मोजू द्या," ते म्हणाले. थट्टा करत होते की खरंच, मला कळेना.

शेवटी मानपत्रात 'थोर वनसेवा' वगैरे घालून मी ते वाचलं. शाल झाली, नारळ झाला. साहेब बोलायला उठले आणि भाषणाऐवजी वहीतलं एक पान वाचू लागले. रस्त्याकडेच्या एका बेहड्याचा दरसालचा घेर. शेवटी म्हणाले, "गेल्या साली झाड मेलं. कारण माहीत नाही."

"मले माहीत हाये," खाली बसलेली आजी म्हणाली. "सडकेची माती टाकली ना, तवापासून पावसाचं पाणी तिथी तुंबून राह्यते. मुळं सडली."

"आजी, मला आधी का नाही सांगितलं?"

"तू झाडाले विचारत होतास. मले कुठी विचारलं?"

साहेब खांद्यावरच्या शालीसकट तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि लिहू लागले. आणखी कोणकोणती झाडं, कोणत्या बाजूची, कधीपासून. मग दोघं उठून सडकेकडे चालू लागले. अर्धं गाव मागोमाग गेलं. पाहुण्यांचा चहा गार होत होता.

"कार्यक्रम झाला म्हणाचा का बिघडला?" हेडमास्तरांनी मला विचारलं.

"मले नाई समजलं, सर," मी म्हणाले. मग आम्ही दोघांनी सतरंज्या गोळा केल्या.