खांदा मोडल्यावर मी तोंडवलीला गेले

मी कोकणातलं आमचं गाव, तोंडवली, सोडलं त्या सकाळी बाबा पडवीत जाळं दुरुस्त करत बसले होते. मी पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले.

"चेडवाक सायकल कित्याक होयी?" जाळ्यावरची नजर न उचलता ते म्हणाले. पोरीला सायकल हवी कशाला, हेच त्यांचं म्हणणं.

पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात सायकलिंगसाठी माझी निवड झाली होती. एसटीपर्यंत आई एकटीच आली.

सुरुवात रस्त्यावरच्या शर्यतींनी झाली. घाटात मी मागे पडले की कोच सर जीपमधून ओरडायचे, "भात उतरव अंगावरचा!" मेसमध्ये 'माका' म्हटलं की पोरी फिदीफिदी हसायच्या. मी 'मला' म्हणायला शिकले. माझी भाषा उरली ती फक्त खोलीतल्या वीणाशी. तीही आमच्याच बाजूची, शिरोड्याची. वीणा, तू हे वाचशीलच.

घाट जमेना म्हणून सरांनी मला ट्रॅकवर घातलं. ट्रॅकच्या सायकलीला ब्रेक नसतो. तिथे माझ्या जड मांड्या कामी आल्या. मी जिंकू लागले. मग राज्याच्या संघासाठी निवडीची शर्यत झाली. शेवटच्या वळणावर वीणाचं चाक माझ्या चाकाला घासलं आणि मी सिमेंटवर फरफटत गेले. कॉलरबोन मोडलं. वीणा थांबली नाही. तिची निवड झाली.

हॉस्पिटलात येऊन ती म्हणाली, "मी थांबलंय असतंय तर दोघींचो नंबर गेलो असतो."

खरंच होतं ते. म्हणूनच जास्त लागलं.

हात गळ्यात बांधून मी घरी गेले. पट्टी निघाली त्याच आठवड्यात बाबांनी मला बघायला पाहुणे बोलावले. अपघाताची बातमी मुलाच्या आईच्या कानावर गेलेली होती. चहाचा कप खाली ठेवून ती म्हणाली, "हात वर करून दाखय गो."

मी बाबांकडे पाहिलं. "दाखय," ते म्हणाले.

हात खांद्याच्या वर गेला नाही. कळ डोळ्यांत आली.

"ह्या चेडू पाणी कसा भरतला?" ती उठली. चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी आईनेच माझी बॅग भरली. "बाय, परत येव नको. हयसर, ह्या घरात, तुका मोडून ठेवतले."

पुण्यात सरांनी ट्रॅकचं नाव काढू दिलं नाही. "डोंगरात जा. तिथे सगळेच पडतात." दगडधोंड्यांतून, चिखलातून माउंटन बाइक चालवत मी पुन्हा उभी राहिले. राष्ट्रीय पदक मिळालं त्या दिवशी घरी फोन केला. बाबांनी उचलला, ऐकलं, आणि म्हणाले, "आवशीक दितंय," आणि फोन आईच्या हातात दिला.

आता दर रविवारी आईशी बोलते. माडांना पाणी दिलं का, बांगडे मिळाले का, सगळं विचारते. शेवटी विचारते, "येव काय गो?" पलीकडे ती रडत असते, ते ऐकू येतं. तरी ती म्हणते, "नको."

माझं घर आता तेवढंच आहे.