छत्तीसचं माप

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवरा वारला, त्यालाही ठाऊक नव्हतं. आज लिहायला बसले आणि तीनदा उठले — एकदा दूध बघायला, एकदा कडी लावायला, एकदा उगाचच. शाळा चौथीपर्यंत झालेली. पण हात अक्षरामुळं थांबत नाही, हे मला माहीत आहे.

सुनंदा काल येऊन गेली. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

चाळीस वर्षं मी मंगळवार पेठेत घरातच बायकांचे ब्लाऊज शिवले. टेप लावला की बाई कळते. कुणाचा एक खांदा उतरलेला, कुणाची एक बाजू मोठी. दोन्ही बाजू अगदी सारख्या असलेली बाई मी बघितलेलीच नाही. एवढं कळत होतं, तरीही मी केलं ते केलं. म्हणजे अडाणी होते, असं म्हणायलाही मला जागा नाही.

सुनंदा माझ्या धाकट्या दिराची मुलगी. आई लवकर गेली म्हणून माझ्याकडं वाढली. काटक पोरगी. सायकल हाणायची, पाण्याच्या दोन घागरी एका दमात आणायची. छाती बत्तीस. तिला आकडा माहीत नव्हता, कारण तो माझ्या वहीत असायचा आणि तिला त्याचं काही पडलेलं नव्हतं. अंगात कायम ढगळा पंजाबी ड्रेस. साडी कधी हळदीकुंकवाला, नाहीतर कुणाच्या लग्नात, आणि त्यावर ब्लाऊज मी हातात देईन तो.

कागलचं स्थळ आलं. मुलगा चांगला, कंपनीत कामाला. पोहे झाले, आणि उठता उठता मुलाची आई मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, ‘‘पोरगी लईच बारीक हाय की.’’ झालं. हे स्थळ हातचं जातंय असंच मला वाटलं. पण आठ दिवसांनी होकार आला, आणि निरोपात एक वाक्य होतं — शालूचा ब्लाऊज आमचा टेलर शिवेल, मापाचा ब्लाऊज पाठवा.

आमच्याकडं रीतच आहे ती. शालू मुलाकडचा, त्यावरचा ब्लाऊजही मुलाकडचा. मुलीचा अंगातला एखादा ब्लाऊज मापाला द्यायचा.

आता सांगा, काय अवघड होतं? कपाटातला एक काढून पिशवीत घालायचा होता. पण माझ्या डोक्यात ते ‘लईच बारीक’ बसलं होतं. तो ब्लाऊज त्या बाईच्या हातात जाणार, ती तो पसरून बघणार — हे मला दिसायला लागलं. दुपारी घरात कुणी नसताना मी मशीनवर बसले आणि निळ्या टू बाय टू कापडाचा एक नवा ब्लाऊज शिवला. बाह्या, खांदे, गळा तिचाच. छाती छत्तीस. दोनदा धुतला, वापरातला वाटावा म्हणून. पिशवीला गाठ मारली आणि दिराच्या हाती कागलला धाडला.

लग्नात शालूचा ब्लाऊज कसा बसणार, हे मला कळलं नसेल का? कळलं होतं. वाटलं, पिना मारू, पदर घेऊ, अक्षता पडल्या की कोण बघतंय. एवढाच माझा विचार.

लग्नादिवशी वधूच्या खोलीत मुलाकडच्या बायका तिला नेसवत होत्या. ब्लाऊज अंगात गेला आणि पुढनं रिकाम्या पिशवीसारखा लोंबायला लागला. दोघीतिघी हसल्या. मुलाची आई माझ्याकडं वळली.

‘‘मापाचा तुमीच दिला हुता न्हवं?’’

‘‘व्हय, तिचाच की,’’ मी म्हटलं. ‘‘म्हैन्यात वाळली पोरगी. जेवायलाच मागत न्हाय.’’

सुनंदा हळदीच्या अंगानं उभी होती. तिनं खाली बघितलं, मग माझ्याकडं. ‘‘काकी, माझाच दिलतीस?’’

‘‘मग कुणाचा दीन?’’

असं म्हटलं मी. तोंडात पिना धरून, तिच्याकडं न बघता. सहा पिना मारल्या.

आणि ती गेल्यावर तिचे जुने ब्लाऊज — चार होते, सगळे बत्तीसचे — मी भांडीवालीला दिले. एक पातेलं आलं. ते अजून आहे घरात.

सासरी तिला वर्षानुवर्षं ऐकायला लागलं. माप एकीचं, आली दुसरीच. पोरीला मात्र माझं ‘वाळली’ हेच खरं वाटलं. आपलं अंग चांगलं भरलेलं होतं आणि महिन्याभरात उतरलं, हे तिच्या मनानं घेतलं. बदाम खाल्ले, कसली कसली तेलं चोळली, कापसाचे कप शिवून घेतले — माझ्याकडूनच. दोन पोरं झाली, दोघांना अंगावर पाजलं, तरी घोर तोच. नवऱ्यानं कधी काही म्हटलं नाही. पण त्याच्यापुढंही ती पाठ करून साडी बदलते, हे तिनंच मला सांगितलं. दर खेपेला टेप लावला की विचारायची, ‘‘किती हाय काकी?’’ मी बत्तीस म्हणायची. ‘‘आदी छत्तीस हुतं न्हवं?’’ मी खडू शोधायची.

तो निळा ब्लाऊज शालूबरोबर परत आलेला. तिनं बावीस वर्षं ट्रंकेत जपून ठेवला. आपल्या हरवलेल्या अंगाची खूण म्हणून.

पाच महिन्यांपूर्वी मला म्हणाली, ‘‘काकी, छातीचं ऑपरेशन करतो. तू चल संगं.’’ गेले. डॉक्टरीणबाई तरुण होती, पण घाई नव्हती तिला. सगळं समजावून सांगितलं. आत सिलिकॉनची पिशवी बसवतात, ती जन्मभराची नसते. दहा-पंधरा वर्षांनी, कधी त्याआधीही, बदलायला नाहीतर काढायला लागू शकते. म्हणजे हे एकदाच करून सुटणं नव्हे. पिशवी फुटू शकते. भोवतीनं कडक होऊन दुखू शकतं. व्रण राहतो. बोंडाची संवेदना जाऊ शकते, कधी परत येते, कधी येत नाही. मधूनमधून तपासणी करायला लागते, आणि पुढं छातीचा फोटो काढताना आत पिशवी आहे हे आधी सांगायला लागतं. कितीही करा, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होत नाहीत. हे ऐकून मी मान हलवली. मला काय सांगते ती?

मग तिनं विचारलं, ‘‘हे कुणासाठी करताय?’’

‘‘माझ्यासाठीच. मला नवीन काय नको. आदी हुतो तशी पायजे.’’ आणि सुनंदानं पिशवीतनं तो निळा ब्लाऊज काढून टेबलावर पसरला.

डॉक्टरीणबाई कोड्यात पडली. वजन उतरलं होतं का, आजार होता का, एकाच बाजूनं की दोन्हीकडनं? पोरं व्हायच्या आधी, महिन्याभरात एवढं कसं जाईल? आधी तपासण्या करू, म्हणाली. मग माझ्याकडं वळली. ‘‘आजी, तुम्ही तर यांचे कपडे शिवता. लग्नाआधी खरंच हे माप होतं?’’

टेबलावर माझीच शिलाई होती. मला टाके ओळखू येत होते. बावीस वर्षांत अशी सोपी वेळ कधी आली नव्हती. एक शब्द पुरला असता. एवढा खर्च, ती भूल, ती कापाकापी — सगळं तिला समजून-उमजून हवं असतं तर मी कोण बोलणारी? अंग तिचं आहे. पण ती जे परत मागत होती, ते तिचं कधी नव्हतंच. माझ्या मशीनवर एका दुपारी तयार झालेलं होतं ते.

‘‘व्हय,’’ मी म्हटलं. ‘‘असंच हुतं.’’

भीती कसली वाटली मला? पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाईला? ती मला काकी म्हणणार नाही याची. बास, तेवढीच.

तपासण्यांत काही निघालं नाही. ऑपरेशन झालं. पहिले काही दिवस तिला हात वर करता येत नव्हता, मी वेणी घालायला जात होते. दीड महिना तिला जड उचलायची बंदी होती, घागर उचलणाऱ्या पोरीला. डाव्या बाजूला अजून काही कळत नाही, म्हणते. चिमटा काढला तरी कळत नाही. येईल म्हणते डॉक्टरीण, वाट बघा.

काल ती तो ब्लाऊज घेऊन आली. मागचे हुक आहेत, तिच्या हाताला येत नाहीत. मी तिच्या मागं उभी राहिले आणि एकेक हुक लावला. शेवटचाही लागला. कुठं सुरकुती नाही, कुठं ओढ नाही.

‘‘बसला न्हवं, काकी?’’ आरशातनं माझ्याकडं बघत तिनं विचारलं.

‘‘बसला,’’ मी म्हटलं.

ती रडत होती. मग टेप माझ्या हातात देऊन म्हणाली, आता खरं माप लिही वहीत. मी टेप लावला आणि लिहिलं. छत्तीस.