सिलेंसरातली जाळी

शनिवार, नऊ जानेवारी १९९९. खिशात सहाशे चाळीस रुपये. सिंदेवाहीच्या पुढं रस्त्याकडेला असलेल्या एका गॅरेजात दुपारी दोन वाजता आम्ही तिघं होतो: मी, माझे वडील आणि गॅरेजचे मिस्त्री. वडील बाजेवर बसले होते, मिस्त्री गाडीच्या बॉनेटात वाकले होते आणि मी घड्याळाकडं बघत उभा होतो.

आम्हाला संध्याकाळी सातच्या आत वडशापलीकडच्या एका गावात पोहोचायचं होतं. तिथं नाटक होतं. वडिलांनी झाडीपट्टीच्या नाटकांत तीस हिवाळे पेटी वाजवली. धान घरात आलं की ते पेटी घेऊन निघत आणि होळीच्या सुमारास परत येत. दोन वर्षांपूर्वी त्यांना डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, पण एसटीची पायरी चढवेना. डावा हातही लुळा राहिला, आणि पेटीचा भाता डाव्या हातानंच हलवावा लागतो. दिवाळीपासून ते रोज सकाळी ऊर्जानगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये भिंतीला टेकून बसत आणि नुसता भाता हलवत. सूर नाही, काही नाही. फक्त फस्, फस्.

मग नाटक कंपनीच्या मालकांचा निरोप आला. ते वडिलांचे जुने सोबती. म्हणाले, पूर्ण नाटक नको, पहिलं गाणं तेवढं वाजवा. पण वेळेत या. नाही आलात तर दुसरा माणूस बसवावा लागेल, माणसं खोळंबवून ठेवता येत नाहीत. वडिलांनी त्यावर मला एवढंच विचारलं, "गाडी जाईन ना रे?"

गाडी म्हणजे पांढरी, गोल पाठीची, जुनी डिझेल गाडी. वडिलांसाठीच मी ती वडशाच्या एका धान व्यापाऱ्याकडून वर्षभरापूर्वी घेतली होती. मी चंद्रपूरच्या वीज केंद्रात भांडार विभागात हिशेब बघायचो. क्वार्टरपासून गेट चार किलोमीटर. तेवढंच जाणं आणि तेवढंच येणं. तेही पस्तीसच्या वर काटा न जाऊ देता, कारण त्या वेगाला गाडी लिटरमागं सर्वांत जास्त चालते असा माझा हिशेब होता.

मूल गाव सोडल्यावर गाडीचा जोर कमी होऊ लागला. सिंदेवाहीपर्यंत तर चढ सोडाच, सपाटीवरही ती विसाच्या वर जाईना. अॅक्सिलरेटर दाबला की नुसती घुसमटल्यासारखी घुरघुरायची.

मिस्त्रींनी आधी एअर फिल्टर काढून झटकला. फरक नाही. मग डिझेलचा फिल्टर बदलला. नळी काढल्यामुळं लाइनीत हवा शिरली. डिझेल पुन्हा ओढून आणायला नळी तोंडात धरून चोखावी लागते. मिस्त्री नळी हातात घेऊन थांबले.

"भाऊ, हे तुमाले करा लागते. माह्या रोजा आहे."

मी आयुष्यात असलं काही केलं नव्हतं. नळी तोंडात धरली आणि जोर लावून ओढली. पहिल्या ओढीलाच तोंड डिझेलनं भरलं. मी थुंकत, खोकत पाण्याच्या टाकीपाशी पळालो. बाजेवरून वडील म्हणाले, "गिळू नको रे, चाळीस पैशाचं असन!"

मिस्त्री इतके हसले की पान्हा खाली ठेवावा लागला. "बाबाजी, तुमचा पोरगा लय हिशोबी दिसते."

"हिशोबी? पेट्रोलपंपावर मीटरपेक्षा हाच लवकर मोजते."

गाडी चालू झाली. पण घुरघुर तीच. आता अडीच वाजून गेले होते. मिस्त्री पुन्हा बॉनेटात वाकले. हवा येते आहे, डिझेल येतं आहे, मग अडतं कुठं? मी विचारलं, "डिझेलचा पंप गेला असेल का?" पंप म्हणजे चंद्रपूर, आणि चंद्रपूर म्हणजे दोन दिवस. वडील ते ऐकत होते. त्यांनी डावा हात मांडीवर घेतला होता आणि उजव्या हातानं त्याची बोटं एकेक करून सरळ करत होते.

मग ते म्हणाले, "मिस्त्री, पेटीच्या साऱ्या पट्ट्या बंद ठेवून भाता दाबला का असाच आवाज येते. हवा आत भरून राह्यते, सुटाले जागा नाई."

मिस्त्रींनी त्यांच्याकडं पाहिलं, मग गाडीच्या मागं जाऊन सिलेंसरच्या तोंडावर तळहात धरला. मला म्हणाले, "दाबा." मी गाडीत बसून अॅक्सिलरेटर दाबला. "अजून दाबा." त्यांनी हात काढला नाही. एवढ्या मोठ्या इंजिनचा धूर त्यांच्या तळहाताला ढकलूही शकत नव्हता.

"बाबाजी, पेटी सोडून गॅरेज काऊन नाई टाकलं?"

ते गाडीखाली गेले. इंजिनकडून येणारा पाइप जिथं सिलेंसरला जोडतात तिथले बोल्ट त्यांनी ढिले केले. मी पुन्हा दाबलं आणि गाडी ट्रॅक्टरसारखी गरजली. वडील बाजेवरून अर्धे उठले. मिस्त्री खालूनच ओरडले, "सापडलं!"

जोड उघडल्यावर आत लोखंडी जाळी निघाली. चहाच्या गाळणीएवढी गोल, बारीक छिद्रांची, कोणीतरी मुद्दाम बसवलेली. छिद्रं मात्र दिसत नव्हती. काजळीचा काळा थर तिच्यावर शेणासारखा लिंपला होता.

"गाडी धानाच्या व्यापाऱ्याची होती का?"

मी हो म्हटलं.

"मंग बराबर आहे. धानाच्या वाळल्या तणसाच्या ढिगाजवळ गाडी न्या लागे त्याले. धुराड्यातून ठिणगी उडून तणसाले आग लागू नये म्हणून आमच्याकडं असी जाळी टाकतात. मांगून टाकली तर कोणी काढून घेते, म्हणून मधात."

"मग त्याच्याकडं कशी चालत होती?"

"तो नागपूरले जात असन ना, सत्तर-ऐंशीनं. जाळी लाल होते, काजळी आपोआप जळते. तुमी कसे चालवता?"

मी सांगितलं. मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. "पस्तीस! भाऊ, गाडी चालवता का वरात काढता?"

मी म्हटलं, जाळी फेकून द्या. मिस्त्री म्हणाले, "आज चालले कुठी? नाटकाले. मंडप शेतात, बाजूले तणस. आन तुमच्या इंजिनच्या पाइपात सालभराची काजळी. जाळी नसली तर तीच पेटून बाहेर येईन." त्यांनी वेल्डिंगची बत्ती पेटवून जाळीवर धरली. काजळी कडांपासून पेटत गेली, लाल रेघ आत सरकत गेली, आणि मागं स्वच्छ छिद्रं उरली. मग जाळी निववून, दगडावर आपटून, नवं गॅस्केट घालून त्यांनी ती परत बसवली.

हिशेब झाला एकशे पन्नास. त्यातले नव्वद त्यांनी सामानाचे घेतले. "साठ मजुरी. वडशाले पोहोचले तर परतताना द्या. नाई पोहोचले तर कायची मजुरी?" आणि खिडकीत वाकून वडिलांना म्हणाले, "बाबाजी, ब्रम्हपुरीपर्यंत याले तिसऱ्या गियरमध्ये दाबून चालवाले लावा. आतली उरलेली जळून जाईन. हा हिशोब करन, त्याचं ऐकू नका."

चार वाजले होते. दोन्हीकडं जंगल, मोकळा रस्ता, तोंडात डिझेलची चव, आणि काटा साठावर. इंजिनचा आवाज ऐकून माझा जीव तुटत होता. मी जरा पाय सैल केला की वडील म्हणायचे, "दाब." मागं काळ्या धुराचा लोट उठला, मग करडा झाला, मग दिसेनासा झाला. वैनगंगेच्या पुलावर आम्ही आलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि गाडी अशी पळत होती जशी माझ्याकडं कधीच पळाली नव्हती. मिस्त्रींचा रोजा सुटायची वेळ झाली असेल, असं मनात आलं.

सातच्या आतच आम्ही मंडपात पोहोचलो, आणि पेटीवर वडील बसले. पहिल्या गाण्यात भाता एकदा त्यांच्या हातून निसटला. तबलेवाल्यानं एक आवर्तन जास्त वाजवलं, तोवर त्यांनी तो पुन्हा धरला. मंडपात कोणाला कळलं नसावं. गाणं संपल्यावर मालकांनी त्यांना शाल आणि नारळ दिला. त्यानंतर अकरा वर्षं वडील होते. पेटी घरी वाजवत, मंडपात मात्र पुन्हा बसले नाहीत. म्हणून ती संध्याकाळ मला फार मोठी वाटते, आणि ती कोणामुळं मिळाली हे मी विसरत नाही.

रविवारी परतताना गॅरेजसमोर थांबलो. मिस्त्रींनी आधी वडिलांचा डावा हात आपल्या हातात घेतला आणि विचारलं, "वाजवली?"

"वाजवली."

साठ रुपये मी मिस्त्रींना दिले. त्यांनी ते मोजून घेतले. नारळ वडिलांनी दिला, तोही त्यांनाच.