उंची जुळणार नाही

मंगळवारी सकाळी भास्कर गेले. वॉचमनने माझी बेल वाजवली आणि सांगितले, “मॅडम, खालचे भास्करराव उठत नाहीत.” मी खाली गेले. ते अंथरुणावर कुशीला होते. डॉक्टर आले, त्यांनी मनगट धरून पाहिले, छातीला नळी लावली आणि हात धुतले. मी वर येऊन चपला काढते न काढते तोच आमच्या सोसायटीचे अध्यक्ष दामले यांचा फोन आला. “वहिनी, महापालिकेची एक गाडी असते, मेलेली जनावरं उचलते. नंबर आहे माझ्याकडे. पाठवू?” मी म्हटले, “अहो, माणूस गेलाय.” ते म्हणाले, “कमरेपर्यंत, वहिनी.”

त्याला आता काही आठवडे झाले. राग ओसरला की लिहावे असे ठरवले होते. तो ओसरत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

भास्कर वाघाटे होते. पुण्यात राहून ज्यांनी वाघाटे पाहिले नसतील त्यांनी ते न पाहण्याची काळजी घेतली असणार, तरी सांगते. कमरेपर्यंत माणूस, आणि कमरेखाली बिबट्याचे, पण त्याहून थोराड धड... चार पाय, ठिपके, शेपूट. दरडी कोसळलेल्या डोंगरात माणसे शोधायला म्हणून एका प्रयोगशाळेने बीजांत फेरफार करून ही जात घडवली. शास्त्रज्ञांनी दिलेले नाव लांबलचक होते. लोकांनी एका रानमांजराचे नाव त्यांना चिकटवले. पुढे प्रकल्प गुंडाळला गेला आणि जे जन्मले होते ते तेवढे उरले. वाघाट्यांना मुले होत नाहीत. ती सोय आधीच करून ठेवलेली होती. भास्कर वाढले पुण्यात, शाळा शिकले पुण्यात, आणि मार्केट यार्डात गुळाच्या आडतीवर हमाली करू लागले. बिबवेवाडीतल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर पंपाच्या खोलीला लागून त्यांची जागा होती. घरमालक परदेशात राहतात आणि सोसायटीच्या पत्रांना उत्तर देत नाहीत, म्हणून ती टिकली.

ते गोड स्वभावाचे होते असे मी लिहिणार नाही. गेलेल्या माणसाबद्दल तसे लिहायची पद्धत आहे, पण त्यांनीच ते वाचून तोंड वाकडे केले असते. ते आले त्याच महिन्यात जिन्याखाली सूचना लागली : ‘प्राण्यांनी जिन्याचा वापर करू नये.’ दुसऱ्या दिवशी तिच्याखाली पेन्सिलीने सुबक अक्षरात लिहिलेले होते : ‘प्राण्याने वाचले. ओला व सुका कचरा वेगळा करण्याबाबतची शेजारची सूचना माणसांनीही वाचावी.’ लहान मुले विचारत, “काका, तुम्ही गुरगुरता का?” ते विचारत, “तुझे बाबा घोरतात का? मग त्यांना विचार आधी.” आवारातल्या कडुनिंबावर ते नखे घासत, त्यावरून माझेही त्यांच्याशी भांडण झाले होते. “बाई,” ते म्हणाले, “तुमचे यजमान दाढी गॅलरीत करतात. मी कधी बोललो?”

मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी केली. निवृत्तीनंतर घरात पुस्तकेच पुस्तके, आणि ती मागायला येणारे संपूर्ण इमारतीत एकटे भास्कर. पुढचे पाय मुडपून ते माझ्या दारातल्या जिन्यावर बसत; आत बोलावले तर म्हणत, “तुमच्या फरशीला ओरखडे पडतील, मग दामल्यांना विषय मिळेल.” प्रवासवर्णने त्यांना आवडत. बोलणारे प्राणी असलेली गोष्ट एकदा दिली, तर ती दोन पाने वाचून परत आली. “प्राणी बोलायला लागले की बोधच करतात,” म्हणाले. “कुणी साधी तक्रार करत नाही.”

माझे यजमान गेले तेव्हा आम्ही चौथ्या मजल्यावर होतो, मी आजही तिथेच आहे. लिफ्ट अरुंद. चादरीत धरून त्यांना जिन्याने खाली न्यायला दामले आणि आणखी तिघे आले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते अडकले. एकाचा हात सुटला, आणि यांचे डोके कठड्याला लागणार एवढ्यात खालून भास्कर वर आले. “सरका,” म्हणाले. झोपलेल्या मुलाला उचलावे तसे त्यांनी यांना दोन्ही हातांत घेतले, मान आपल्या खांद्यावर टेकवली आणि चार पावलांनी उतरले. पावलांचा आवाज मुळीच नव्हता. आजवर त्या जिन्यावरून इतके सांभाळून कुणी कुणाला नेलेले मी पाहिलेले नाही.

खाली तिरडी तयार होती. उचलायच्या वेळी भास्कर खांदा द्यायला पुढे झाले. दामले मध्ये आले. “तुम्ही नको. उंची जुळणार नाही.” भास्कर म्हणाले, “जुळवतो,” आणि त्यांनी पाय मुडपून खांदा बरोबर दामल्यांच्या खांद्याच्या रेषेत आणला. तेव्हा कुणीतरी मागून म्हणाले, “अहो, जनावराचा खांदा चालतो का?” भास्कर उभे राहिले आणि बाजूला झाले. मी तेव्हा काही बोलण्याच्या अवस्थेत नव्हते. ते अंतर ठेवून स्मशानापर्यंत मागे चालत गेले, असे मला नंतर कळले.

बऱ्याच दिवसांनी पुस्तक परत करताना ते म्हणाले, “बाई, खाली काय असेल ते असो. खांदे माझे माणसाचे आहेत.” मग त्यांनी यार्डातल्या दुसऱ्या एका वाघाट्याचे सांगितले. तो ओझ्याखाली गेला. गाडी आली, मागच्या पायांना दोर बांधला आणि त्याला वर ओढले. शर्ट अंगातच होता, तो उलटा होऊन तोंडावर आला... “तेवढं माझ्या वेळी होऊ देऊ नका. खांद्यावरून जायचंय. माणसं मिळतील तेवढी बघा.” मी म्हटले, बघते. त्यांनी नवीन पुस्तक काखेत मारले. “बघाच. मी हलका नाही.”

त्या मंगळवारी मी प्रत्येक मजल्यावर दारे वाजवली. एकाची कंबर दुखत होती. एकांना सुतक होते. कुणाचे ते त्यांना लगेच आठवेना. एक बाई म्हणाल्या, “आमच्यात चालत नाही हो,” जणू इतरांकडे वाघाट्यांच्या अंत्ययात्रा वरचेवर निघतात. दामल्यांनी दार अर्धेच उघडले. “वहिनी, भावना समजतो. पण पायंडा पडतो.” मी म्हटले, “कशाचा? या इमारतीत आता वाघाटा उरलेला नाही.” ते म्हणाले, “तेच तर म्हणतोय मी. एकदाचं आटपू या.”

दुसऱ्या मजल्यावर यवतमाळची तीन मुले भाड्याने राहतात. खराडीला नोकऱ्या करतात. बॅचलर म्हणून सोसायटी त्यांच्याशीही कामापुरतेच बोलते. निखिलने दार उघडले, कानातले इअरफोन काढले आणि ऐकून घेतले. “किती वाजता न्यायचं काकू? आम्ही तिघंही येतो न.” मी म्हटले, “ऑफिस?” तो म्हणाला, “सांगतो मी त्यांना. भास्करकाका रोज शिव्या द्यायचे आम्हाला, गाडी नीट लावा म्हणून. या बिल्डिंगमधे रोज बोलणारे तेवढेच होते.”

यार्डातून त्यांच्या टोळीतले चौघे आले. त्यांचा म्होरक्या दारातून आत बघून म्हणाला, “आमचा गडी हाय. गाडीबिडी काय नाय.” जोडीला आणलेले बांबू नेहमीच्या तिरडीपेक्षा कितीतरी लांब होते. त्यांनी भास्करना कुशीवरच निजवले, शेपूट पायांशी गुंडाळून घेतली, अंगावर पांढरे घातले. मग त्यांनी बांबूंखालच्या जागा मोजल्या. एका बाजूला चार जण झाले, दुसऱ्या बाजूला तीन. मागचे टोक मोकळे राहिले. गॅलऱ्यांतून माणसे बघत होती. म्होरक्या वर बघून म्हणाला, “येक गडी पायजे.” गॅलऱ्यांतले कुणी हलले नाही.

मी पुढे गेले. वरून दामल्यांचा आवाज आला, “वहिनी, तुम्ही कुठे? उंची जुळणार नाही.”

ते खरे होते. मी बुटकी आहे. उचलल्यावर बांबू माझ्या खांद्याच्या वर चार बोटे राहिला असता. म्होरक्याने भास्करच्या खोलीत खिळ्याला अडकवलेली गोणपाटाची जाड घडी काढली. पोते उचलताना हमाल खांद्यावर टाकतात ती. त्याने ती आणखी एकदा दुमडून माझ्या खांद्यावर ठेवली आणि तिची उंची आपल्या खांद्याशी ताडून पाहिली. “आता जुळतंय,” म्हणाला. “उचला.”

ते हलके नव्हते. स्मशानात कुणी काही विचारील म्हणून मी मनात उत्तरे जुळवत गेले होते. तिथल्या माणसाने गुंडाळलेल्या देहाकडे पाहिले आणि एवढेच विचारले, “लाकडं जास्ती लागतील. डोकं कुणीकडं हाय?” त्या दिवशी भास्करबद्दल माझ्याशी इतके सभ्य वाक्य आमच्या इमारतीतले कुणी मोठे माणूस बोललेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळमजला फिनेलने धुतला गेला. माझे यजमान गेले तेव्हा धुतला नव्हता. कडुनिंबाच्या बुंध्याला गेरू फासला; नखांच्या खुणा खोल आहेत, त्या गेरूतूनही दिसतात. मी हे लिहिते आहे हे कळल्यावर अध्यक्ष भेटायला आले. “आमचं नाव येणार नाही ना, वहिनी?” येणार नाही असे मी त्यांना सांगितले. दामले हे त्यांचे नाव नव्हे. पण त्यांना स्वतःला ओळखायला अडचण पडू नये याची मी काळजी घेतली आहे.

म्होरक्याने घडी परत नेली नाही. ती माझ्या वाचायच्या खुर्चीच्या पाठीवर असते. तिला गुळाचा वास आहे आणि काही राखाडी केस तिच्यात अडकलेले आहेत. निखिल आता प्रवासवर्णने मागायला येतो. तो आत येऊन बसतो. तळमजल्याची खोली रिकामी आहे.